ताण तोडायचा कधी?

गेली काही वर्षं एक वाद आपल्याकडे ठराविक अंतराने पेटतो आणि काही न ठरता विझतो. ऑक्टोबर २०२३ मध्ये नारायण मूर्ती म्हणाले की तरुणांनी आठवड्याला ७० तास काम करावं. जानेवारी २०२५ मध्ये एल अँड टीचे अध्यक्ष एस. एन. सुब्रह्मण्यन यांचं ९० तासांचं बोलणं बाहेर आलं. रविवारीही माणसांना कामावर आणता येत नाही याची खंत त्यात होती. मधे २०२४ साली पुण्यात एका मोठ्या ऑडिट कंपनीत लागून जेमतेम चार महिने झालेली २६ वर्षांची मुलगी गेली आणि तिच्या आईने कंपनीला लिहिलेलं पत्र देशभर वाचलं गेलं. दर वेळी दोन फळ्या पडतात. एक म्हणते, आजची पोरं नाजूक. आम्ही कंदिलाच्या उजेडात शिकलो, ताण वगैरे ऐकलाही नव्हता. दुसरी लगेच लक्षणांची यादी पुढे करते: झोप येत नाही का, चिडचिड होते का, पाच जुळली तर तुम्हाला ताण आहे, दीर्घ श्वास घ्या. मला दोन्ही फळ्यांचं म्हणणं अपुरं वाटतं. ताणाची लक्षणं आपल्याला दिसत नाहीत असं मुळीच नाही. ती घरात, शेजारच्या टेबलावर, बसच्या रांगेत रोज दिसतात. आपण त्यांना भलत्याच नावाने हाक मारतो: स्वभाव, वय, पित्त, आळस, माज, ‘बायकांचं नेहमीचंच’. नाव चुकलं की उपाय चुकतो, आणि त्याची किंमत वर्षानुवर्षं कोणीतरी भरत राहतं.

माझे वडील बँकेत कॅशियर होते. नोटा मोजायची यंत्रं येण्याआधीचा काळ. संध्याकाळी कॅश जुळली तर सातला घरी, नाही जुळली तर नऊ, दहा, कधी त्याहून उशीर. शंभर रुपये कमी भरले तर ते खिशातून घालायचे, आणि तेव्हा शंभर रुपये आम्हाला फार मोठे होते. घरात ज्याला आम्ही ‘बाबांचा स्वभाव’ म्हणायचो, त्यात काय काय होतं ते आता आठवून बघते. रविवारी दुपारची जेवणं झाली की ते बोलेनासे व्हायचे. स्वयंपाकघरात भांडं पडलं की दचकून ओरडायचे. जिना चढताना पायऱ्या मोजायचे. त्यांचे ओठ हलताना मी पाहिलेत. उशाशी पित्ताच्या गोळ्यांची पट्टी कायम. पहाटे साडेतीनला उठून गॅलरीत येरझारा. आई आम्हाला दबक्या आवाजात सांगायची, ‘त्यांचा स्वभावच तापट आहे, तुम्ही मधे मधे करू नका.’ मग ते निवृत्त झाले. चार महिन्यांत पित्त गेलं. वर्षभरात, नातवाने हातातला चहा सांडला तर हसणारे आजोबा आम्ही पाहिले. बत्तीस वर्षं ज्याला आम्ही स्वभाव समजलो, ज्याला सांभाळून घरातलं बोलणं, हसणं, खेळणं आखलं, तो स्वभाव नव्हताच. ते नोकरीचं ओझं होतं आणि ते आम्हा सगळ्यांच्या देखत सांडत होतं.

म्हणून ‘आमच्या वेळी असलं काही नव्हतं’ हे वाक्य ऐकलं की मला विचारावंसं वाटतं, मग ही भाषा कुठून आली? पोटात गोळा येणं, तोंडाला कोरड पडणं, हातपाय गार पडणं, छातीत धडधडणं, घास घशाखाली न उतरणं, डोळ्याला डोळा न लागणं, जीव टांगणीला लागणं. मानसशास्त्राचं एक पानही न वाचलेल्या पिढ्यांनी हे शब्द घडवले आणि ते अचूक आहेत. संकट दिसलं की मूत्रपिंडांवर बसलेल्या ग्रंथी अॅड्रेनलिन सोडतात, हृदयाचे ठोके वाढतात, कातडीकडचं आणि आतड्यांकडचं रक्त स्नायूंकडे वळतं, लाळ कमी होते. म्हणून हात गार, पोटात गोळा, तोंड कोरडं. हार्वर्डच्या वॉल्टर कॅनन यांनी हे शरीराचं गणित विसाव्या शतकाच्या आरंभी मांडलं, आणि हान्स सेली यांनी १९३६ साली ‘नेचर’मध्ये छापलेल्या एका छोट्या टिपणातून ताणाचं आधुनिक शास्त्र सुरू झालं. आपल्या आज्यांना हे गणित ठाऊक नव्हतं, पण उत्तर ठाऊक होतं. नसलेल्या गोष्टीसाठी कुठलीही भाषा इतके शब्द घडवत नाही.

जुन्या पिढीच्या बोलण्यात एक खरी गोष्ट मात्र आहे आणि ती मी मनापासून मान्य करते. त्यांच्या दिवसाला शेवट होता. दिवेलागण झाली की बहुतेक कामं थांबायची, शेतीला सुगीनंतरचा सैल काळ होता, ओट्यावर बसून मन मोकळं करायला माणसं होती. रात्री साडेअकराला साहेबाचा मेसेज येण्याची सोय नव्हती. तेव्हा विसाव्याच्या जागा जास्त होत्या म्हणणं मला पटतं. ताणच नव्हता हे पटत नाही. त्या विसाव्याच्या जागा सगळ्यांना सारख्या मिळाल्याही नाहीत. ओट्यावर पुरुष बसायचे. घरातल्या सुनेचं काय? तिची वारंवार दातखीळ बसायची, तिच्या अंगात यायचं, तिला ‘बाहेरचं’ लागायचं, आणि घरचे तिला देवऋषाकडे न्यायचे. अंधश्रद्धा निर्मूलनाचं काम करणाऱ्या कार्यकर्त्यांनी अशा बायकांशी निवांत बोलून पाहिलं, तेव्हा भुताच्या मागे अनेकदा सासरचा जाच, मूल न होण्याचे टोमणे, कोणाला सांगता न येणारी भीती निघाली. तिथेही लक्षण सगळ्यांना दिसत होतं, चुकलं होतं ते नाव.

नाव चुकण्याची किंमत किती मोठी असू शकते, याचं एक उदाहरण मला पहिल्या महायुद्धात दिसतं. तोफांच्या भडिमारात आठवडेच्या आठवडे काढलेले ब्रिटिश सैनिक थरथरू लागले, मुके झाले, जखम नसताना त्यांना चालता येईना. चार्ल्स मायर्स या डॉक्टरने १९१५ साली ‘लॅन्सेट’मध्ये त्याबद्दल लिहिलं आणि ‘शेल शॉक’ हा शब्द रूढ झाला. लष्कराकडे मात्र आधीपासून दुसरे शब्द होते: भेकड, पळपुटा. पलायन, भ्याडपणा अशा गुन्ह्यांसाठी गोळ्या घालून मारलेल्या ३०६ सैनिकांना ब्रिटनने माफी दिली ती २००६ साली, जवळपास नव्वद वर्षांनी. त्यांतल्या किती जणांचं मन युद्धाने आधीच मोडलेलं होतं हे आता कोणीच सांगू शकणार नाही. ते तपासण्याआधी निकाल लागला होता. आपण कोणाला गोळ्या घालत नाही. पण अभ्यासिकेत तिसऱ्यांदा एमपीएससीला बसलेला, पुस्तक उघडून तासभर एकाच पानावर थांबलेला मुलगा घरी फोनवर काय ऐकतो? ‘तुला करायचंच नाही.’

आता दुसऱ्या बाजूचे आक्षेप, कारण त्यांत दम आहे. पहिला असा की हल्ली प्रत्येक गोष्टीला ताण म्हणण्याची सवय लागली आहे. पेपर जवळ आला, पाहुणे येणार, गाडी चुकली, सगळं टेन्शन. थोडा ताण नसेल तर माणूस हलणारच नाही, हेही खरं. या आक्षेपाला मला सर्वांत नेमकं उत्तर विदर्भातल्या संत्र्याच्या बागेत मिळतं. आपले बागायतदार हाच शब्द वापरतात: बहार धरायचा तर बागेला ताण द्यावा लागतो. आंबिया बहारासाठी थंडीत पाणी तोडतात, झाडाची वाढ थांबते, पानं मलूल होतात, काही पिवळी पडून गळतात, आणि मग पाणी दिलं की फुलं फुटतात. ताण दिलाच नाही तर फूल धड येत नाही. पण या कामातलं खरं कसब ताण देण्यात नाही, तो तोडण्यात आहे. ‘ताण तोडणं’ हा बागायतदाराचा रोजचा शब्दप्रयोग आहे. हलक्या जमिनीत थोडे दिवस, भारी काळ्या जमिनीत जास्त. शेजाऱ्याची बाग किती दिवस कोरडी राहिली यावर आपली बाग कोणी सोडत नाही. तो रोज फिरून पानं बघतो. फांद्या वाळायला लागेपर्यंत थांबला तर बहार जातोच, झाडही जातं. आणि ताण तोडताना पहिलं पाणी तो हलकंच देतो. ‘ताण हवाच’ म्हणणाऱ्यांना माझा प्रश्न एवढाच आहे: तुमच्या कचेरीत, तुमच्या शिकवणीवर्गात, तुमच्या घरात पानं बघणारं कोण आहे? ताण तोडायची तारीख कोणती?

याच कसोटीवर रोजचा ताण आणि घातक ताण वेगळे करता येतात. पाहुणे गेले की पाठ टेकते, पेपर झाला की मुलगा बारा तास झोपतो. तो ताण भरतीसारखा आला आणि ओसरला. त्याची चिंता करू नये. चिंता करावी ती न ओसरणाऱ्याची. सुट्टीच्या दिवशीही पहाटे साडेतीनला टक्क जाग येते. फोन वाजला की नाव बघण्याआधीच पोटात कालवतं. गॅस बंद केला का हे पाहायला जिन्यातून दोनदा परत यावं लागतं. भाजी कोणती आणायची एवढा निर्णयसुद्धा जड होतो. विनोद कळतो पण हसू येत नाही. तंबाखूचा बार दोनाचे सहा होतात, ‘जरा बसू या’ शनिवारचं रोजचं होतं. पाळी मागेपुढे होते. केस मुठीने गळतात, आणि ते संकटानंतर दोन-तीन महिन्यांनी गळत असल्यामुळे दोघांचा संबंध कोणाच्या लक्षात येत नाही. यांतलं एकेक घेतलं तर काहीच नाही, म्हणून पाच जुळली की आजारी हा हिशेब मला पोकळ वाटतो. पाहायचं ते एवढं: हा माणूस सहा महिन्यांपूर्वी असा होता का? जो रोज संध्याकाळी पेटी घेऊन बसायचा तो ती उघडेनासा झाला, जी फोनवर तासभर बोलायची ती ‘नंतर करते’ म्हणू लागली. अशी तुलना ज्याची त्याला जमत नाही. बदल इतका हळूहळू होतो की त्याला तो जन्मापासूनचा वाटतो. यादी हातात देऊन ‘स्वतःला तपासा’ म्हणणं मला म्हणूनच अपुरं वाटतं. झाड स्वतःची पानं मोजत नाही.

दुसरा आक्षेप डॉक्टरांचा आहे आणि तो सर्वांत गंभीर. सगळं ताणावर ढकललं की खरा आजार सुटतो. पोटातल्या अल्सरला कित्येक दशकं वैद्यकशास्त्र ताण आणि तिखट खाण्याला जबाबदार धरत होतं. १९८०च्या दशकात ऑस्ट्रेलियातल्या पर्थ शहरात बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी दाखवलं की बहुतांश अल्सरमागे हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जीवाणू आहे. मार्शल तो जीवाणू स्वतः प्यायले, आजारी पडून दाखवलं, आणि २००५ साली दोघांना नोबेल मिळालं. तोवर असंख्य रुग्णांना ‘काळजी करू नका’ हेच औषध मिळालं होतं. आपल्याकडे हे आजही घडतं, विशेषतः बायकांच्या बाबतीत. दम लागतो, धडधडतं, थकवा जात नाही, की ‘टेन्शन घेता तुम्ही’. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. त्यांना आधी हिमोग्लोबिन आणि थायरॉइडची तपासणी हवी, मग उपदेश. हृदयविकाराचा झटका आलेल्या बाईलाही जबडा, पाठ, मळमळ अशा तक्रारींमुळे पित्ताची गोळी देऊन घरी पाठवलं जातं. हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे, पण त्यातून ताणाचं नावच घेऊ नये असं कसं निघतं? निघतं ते हे की ताण हे नावसुद्धा चुकीच्या जागी चिकटवता येतं. रक्त तपासा आणि त्याच बैठकीत ‘घरी, कामावर काय चाललंय’ हेही विचारा. दोन्ही प्रश्नांना मिळून पाच मिनिटं जास्त लागतात. आपल्याकडे बाह्यरुग्ण विभागातल्या डॉक्टरला ती पाच मिनिटं मिळत नाहीत, हे दुखणं वेगळं आणि खरं आहे.

तिसरा समज असा की ताण हा वातानुकूलित कचेरीतल्या, मोठ्या पगाराच्या लोकांचा आजार. कष्टकऱ्याला कुठे वेळ आहे? लंडनमधल्या सुमारे १८,००० पुरुष सरकारी नोकरांची पाहणी १९६७ मध्ये सुरू झाली आणि पुढे मायकेल मार्मट यांनी तिच्या आकड्यांतून जे काढलं ते या समजाच्या अगदी उलट होतं. हृदयविकाराने मरण्याचं प्रमाण सर्वांत वरच्या साहेबांपेक्षा सर्वांत खालच्या श्रेणीतल्या कर्मचाऱ्यांमध्ये सुमारे तिप्पट होतं. सिगारेट, रक्तदाब, कोलेस्टेरॉल सगळं हिशेबात धरूनही तो फरक पुरता उलगडेना. नंतरच्या पाहणीत एक धागा ठळक झाला: आपल्या कामावर आपला ताबा किती. साहेबाकडे जबाबदारी असते, पण कधी जेवायचं हे तो ठरवतो. माझे वडील पाणी प्यायला उठण्यासाठीसुद्धा काउंटरवरची रांग संपायची वाट बघत. सहा घरची धुणीभांडी करणाऱ्या बाईला एका घरी पाहुणे आले म्हणून उरलेल्या पाच घरी बोलणी खावी लागतात. तिचं डोकं दुखतं तेव्हा आपण तिला गोळी देतो आणि ‘जेवत नाहीस वेळेवर’ म्हणतो. वेळ तिच्या हातात आहे का, हे कोण विचारतं?

आणि मग तो आक्षेप, ज्याला उत्तर देताना मला सर्वांत जास्त विचार करावा लागला. ओळखून करणार काय? कर्ज फेडायचं आहे, नोकरी सोडता येत नाही, सासू अंथरुणाला खिळली आहे, पाऊस आपल्या हातात नाही. लक्षण कळल्याने ओझं हलकं होत नाही, उलट ते जास्त टोचतं. शनिवारी सुट्टीच्या दिवशी कर्मचाऱ्यांना बोलावून तणावमुक्तीचं शिबिर घेणाऱ्या कंपन्या पाहिल्या की हा आक्षेप आणखी खरा वाटतो. ओझं तेच ठेवायचं आणि खांद्याला मालीश करायचं. पण इतिहास मला वेगळं सांगतो. १८८४ साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांच्या वतीने मागण्या मांडल्या. आठवड्यातून एक दिवस सुट्टी, दुपारी अर्धा तास विसावा, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढंच काम, वेळेवर पगार. त्यांच्या निवेदनावर साडेपाच हजार कामगारांच्या सह्या होत्या. कामगारांचं थकणं हे त्यांच्या आळसाचं नाही, कामाच्या तासांचं लक्षण आहे, असं त्या निवेदनाचं सार मला दिसतं. सहा वर्षं लागली. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघटनेने रविवारची सुट्टी मान्य केली. आज ज्या रविवारी काम करून घेता येत नाही याची खंत व्यक्त होते, तो रविवार असा आला. लोखंड्यांनी कामगारांना सहनशक्ती वाढवायला सांगितलं असतं तर?

इतकं मागे जायलाही नको. मे २०१६ मध्ये मुंबईचे तेव्हाचे पोलीस आयुक्त दत्ता पडसलगीकर यांनी देवनार पोलीस ठाण्यात आठ तासांच्या ड्युटीचा प्रयोग सुरू केला. त्याचा आराखडा एका साध्या पोलीस कर्मचाऱ्याने मांडला होता. बारा-बारा, कधी त्याहून जास्त तास उभ्या राहणाऱ्या पोलिसाच्या तापटपणाला आपण ‘खाकीचा माज’ म्हणत आलो. आहे त्याच मनुष्यबळात तीन पाळ्या कशा बसवायच्या हे कागदावर मांडणाऱ्याने मात्र झोपेचा हिशेब धरला होता. तो प्रयोग पुढे शहरातल्या इतर ठाण्यांत गेला. सगळीकडे सारखा टिकला असं मी म्हणणार नाही. पण दुखणं योग्य नावाने मांडलं की सुचणारा उपायही वेगळा असतो, हे तिथे दिसलं.

पानं बघायचं काम कोणी करायचं, याचंही उत्तर आपल्याच मातीत आहे. अमरावती जिल्ह्यातल्या तीस गावांत ‘विश्राम’ नावाचा प्रकल्प राबवला गेला. गावातल्याच माणसांना नैराश्याची खूण ओळखायला, त्याबद्दल बोलायला, गरज पडेल तेव्हा डॉक्टरकडे न्यायला शिकवलं. नैराश्याच्या रुग्णांपैकी मदत मागणाऱ्यांचं प्रमाण आधी ४.३ टक्के होतं, दीड वर्षाने ते २७.२ टक्के झालं. गावात मानसोपचारतज्ज्ञांची फौज उतरली नव्हती. शेजारची ओळखीची बाई ओट्यावर येऊन ‘हल्ली झोप लागते का गं?’ म्हणाली, एवढ्यानेही माणसं बोलू लागतात. कायदासुद्धा इथवर आला आहे. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याचं ११५ वं कलम म्हणतं की आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असं धरलं जावं, तिला शिक्षा होऊ नये, आणि तिची काळजी घेणं हे सरकारचं कर्तव्य आहे. जे कृत्य दीडशे वर्षं गुन्हा म्हणून नोंदलं जात होतं, त्याचं नाव बदललं. सरकारची १४४१६ ही मोफत दूरध्वनी सेवाही ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. पण त्या टोकाला पोचण्याआधी घरात, वर्गात, कचेरीत जी पाच-दहा वर्षं जातात, त्यांची नोंद कुठलंही कलम घेत नाही. ती शेजारच्याच माणसाने घ्यायची असते.

बाबांचं आम्हाला ते निवृत्त झाल्यावर कळलं. दोन वर्षांपूर्वी आईची दाढ दुखायला लागली म्हणून तिला दातांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी बराच वेळ तोंडात बघितलं, आरशाने वरच्या दाढा मला दाखवल्या. त्यांचे उंचवटे झिजून सपाट झाले होते. ‘आजी, झोपेत दात खाता का?’ आई म्हणाली, ‘कोण जाणे, कोणी कधी सांगितलं नाही.’ ‘ही झीज आजची नाही. वीस-तीस वर्षांची असेल. तेव्हा काही त्रास होता का?’ आईने माझ्याकडे पाहिलं. त्या सगळ्या वर्षांत मी रात्री तिच्याच शेजारी झोपत होते.